खडकाई दवाखान्यात निघाली

मंडळी, ऐका! सगळे नीट बसलात का? मागच्या खांबाला टेकलेले पाहुणे, झोपायला हरकत नाही हो! पण घोरणं जरा तालात असू द्या, तबलजींचा ठेका चुकतो!

तर आज तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. साधा प्रश्न आहे. देवानं आपल्यावर उपकार केला, मोठा उपकार, घरातला जाणारा जीव परत आणून दिला, तर तो उपकार फेडायचा कशानं? सांगा! नारळानं? नारळ त्याचाच. फुलानं? फूल त्याचंच. मग माणूस म्हणतो, माझं असं काय आहे? माझा देह! देह कष्टवीन, उपाशी राहीन, हाडं उगाळीन, पण देवा तुझं देणं फेडीन. बरोबर की चूक? माना हलवू नका, थांबा! ज्यांनी होकाराची मान हलवली त्यांना आख्यान संपल्यावर परत विचारणार आहे!

देह कुणाचा? ऐका —

*घास घास तुझा, श्वास श्वास तुझा*
*देह हा तुझाच, माझा काय?*
*माझे म्हणूनिया जाळितो जो त्यास*
*तूच सांग देवा, म्हणू काय?*

अहो, या देहातल्या एका पोटाचाच विचार करा. आपण झोपतो, ते झोपत नाही. आपण लग्नात जिलेबीवर जिलेबी चढवतो, "अजून एक घ्या, आमची शपथ!" — शपथ यजमानाची, राबायचं पोटानं! ते बिचारं मुकाट्यानं दळतंय, घुसळतंय, सार वेगळं काढतंय, रक्तात पाठवतंय. आणि कधी आभार मानलेत त्याचे? आभार राहू द्या, ते दुखलं तर त्याची धड चौकशी तरी करतो का आपण? आपल्याकडे पोटाच्या सगळ्या दुखण्यांना नावं दोनच — पित्त आणि गॅस! छातीत जळजळलं, पित्त. डोकं दुखलं, पित्त. पोट फुगलं, गॅस. पाठीत उसण भरली, तरी गॅस! आणि औषधं? तीही दोनच, खायचा सोडा नाहीतर बडीशेप! आणि शौचाला कशी होते हे विचारलं की सगळ्या गावाचं तोंड बंद! शेजारणीच्या सुनेचं माहेर कुठं, तिला किती तोळे घातले, सगळं माहीत. पण आपल्याच पोटातून काय जातंय, ते बघायचं नाही आणि बोलायचं तर त्याहून नाही!

हसा, हसा! हसून घ्या. आता जी गोष्ट सांगतो तिच्यात एका बाईचा जीव याच न बोलण्यापायी टांगणीला लागला होता.

बोरखेल नावाचं गाव. माळरानावरचं, खडकाळ. गावाच्या टेकाडावर देवीचं देऊळ, देवीचं नाव खडकाई. काळ्या पाषाणाची मूर्ती, आणि तिच्यावर उत्सवापुरता चढवायचा चांदीचा मुखवटा. नवरात्रात त्या देवळात बायका घटी बसतात. घटी बसणं म्हणजे काय, शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो. देवीपुढं घट बसला की ज्या बाईनं बोल, म्हणजे नवस, केलाय ती देवळात मुक्कामाला येते. घोंगडीवर झोपायचं, दगडी फरशीवर बसायचं, घट उठेपर्यंत धान्याचा कण तोंडात घालायचा नाही. दूध चालतं, केळं चालतं, कोरा चहा चालतो. आणि देवळाचं आवार ओलांडायचं नाही. देवळामागं संडास बांधलाय, तिथवर मुभा!

या बोरखेलात सरूआक्का ढवळे. साठीच्या पुढची बाई. बोलणं खणखणीत, हात सढळ. एकुलता एक मुलगा दिगंबर, त्याला सगळं गाव दिगू म्हणतं. तर या दिगूला ज्वारीच्या रानात साप चावला होता. काळानिळा पडला, डोळे फिरले. त्याला गाडीत घालून तालुक्याला नेलं आणि इकडं सरूआक्का देवळात जाऊन उभी राहिली. कपाळ पायरीवर टेकलं आणि म्हणाली, "आई, माझ्या दिगूचा जीव वाचव. माझा जीव हाय तवर तुझ्या घटी बसंन!"

आणि दिगू वाचला! बोला, उपकार की नाही? केवढा उपकार! पुढं त्या दिगूचं लग्न झालं, वैजयंता घरात आली. सरूआक्का दर नवरात्राला घटी बसायला लागली. आणि नुसती बसली नाही हं! बाकीच्या बायका दूध घेत, केळं खात. आक्का म्हणाली, "मला आईनं सगळं दिलं. मी दूधबी सोडलं." नुसत्या कोऱ्या चहावर राहिली! कशासाठी? काही मागण्यासाठी नाही, मंडळी. उपकार मानण्यासाठी! मागणारे देवळात रोज येतात हो. आभार मानायला येणारी अशी एखादीच. म्हणून सांगतो, या बाईला हसू नका. तिची भक्ती सोन्याची होती. चूक होती ती दुसरीकडंच!

आता हे नवरात्र आलं तोवर आक्काचे गुडघे गेले होते. उठताना "आई गं", बसताना "बाई गं". बाजारातल्या औषधाच्या दुकानातून दिगूनं दुखण्यावरच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. घरी असताना आक्का भाकरी खायची आणि वर गोळी घ्यायची. पण देवळात भाकरी कुठली? पहिल्या माळेलाच दगडी फरशीनं गुडघे धरले. आक्कानं कनवटीची पुडी काढली. शेजारी शेवंता बसली होती, घटी बसणारी तिची जुनी जोडीदारीण. ती म्हणाली, "आक्का, गोळी चालती का गं उपासाला?"

झालं! शास्त्रार्थ सुरू झाला! एक म्हणाली, "गोळी काय धान्य हाय व्हय?" दुसरी म्हणाली, "चावायची न्हाई, चव न्हाई. चालती!" तिसरी तर मोठीच पंडिता! म्हणाली, "साबुदाणा चालतो, तो गोल. गोळीबी गोल. न चालायला काय झालं?"

निकाल लागला, गोळी चालते! उपास मोडत नाही! अहो बायांनो, उपास मोडत नाही हे खरं, पण दुसरं काय मोडतं ते कुणी विचारलंच नाही! रिकामं पोट, त्यात कडक कोरा चहा, आणि वर ती गोळी. सकाळी एक, संध्याकाळी एक. गुडघे दुखले तर मध्ये आणखी एक.

दोन माळा झाल्या नाहीत तोच आक्काच्या छातीखाली जळजळायला लागलं. कुणी निखारा ठेवावा तसं. शेवंतानं विचारलं, "काय होतंय गं?"

"काय न्हाई. आई परीक्षा बघतीया."

बघा! पोट ओरडून सांगतंय, बाई, मला काहीतरी होतंय! आणि ही म्हणते देवी परीक्षा बघतेय! अहो, देवी काय शाळेतली मास्तरीण आहे का, दर नवरात्राला पेपर काढायला? आक्कानं सोडा मागून घेतला, पाण्यात ढवळून प्यायली. घटकाभर बरं वाटलं. पुन्हा निखारा. पुन्हा सोडा. मग एक दिवस देवळामागं गेली, तर शौचाला काळंभोर! डांबरासारखं, चिकट, आणि वास असा की डोकं उठावं. आक्का दचकली. पण मग तिनं स्वतःशीच हिशेब लावला. काय हिशेब? "मी पितीय कोरा चहा. काळा पितीय तर काळंच जाणार की!"

हसू येतं ना? पण मला सांगा, तुमच्यापैकी किती जण असंच काहीतरी मनाशी लावून गप्प बसलेत? रक्त दिसलं की 'मूळव्याधच असेल', काळं दिसलं की 'काहीतरी खाल्लं असेल'! विचारायचं कुणाला? लाज वाटते! लाजेला लुगडं नेसवून आपण देव्हाऱ्यात बसवलंय!

आक्का कुणाला बोलली नाही. पण तिच्याकडं बघणारं एक माणूस होतं, सून वैजयंता. ती रोज सकाळी चहाची किटली घेऊन टेकाड चढायची. त्या दिवशी आली आणि आक्काच्या तोंडाकडं बघतच राहिली. तोंड राखेसारखं. नखं पांढरी.

"आत्या, घरी चला. तुमचं काय बरं दिसंना."

"गप. घट उठल्याबिगर मी उठत नसती."

"मग दूध तरी घ्या."

"तुझ्या सासऱ्याचं ऐकलं न्हाई, तुझं ऐकू व्हय? चहा ओत!"

बिचारी काय करणार? ओतला चहा. गेली.

पाचव्या माळेची सकाळ. आरती सुरू झाली. गुरव होते बापू. म्हातारे, वाकलेले, पण हात आरतीच्या ताटाला अजून घट्ट. घंटा घणघणतेय, हलगी कडाडतेय, आणि आक्का उठायला गेली ती धाडकन खाली! कापायला लागली. घाम सुटला. आणि उलटी झाली. कशी? चहाच्या चोथ्यासारखी, काळपट तपकिरी!

गाव काय म्हणालं असेल? सांगा! गाव म्हणालं, "देवी आली! आक्काच्या अंगात आली!" हळदकुंकू आणलं, कपाळाला फासलं, हलगीवाल्याला कुणीतरी म्हणालं, "जोरात वाजव!" एक जण तर हात जोडून विचारतोय, "आई, माझ्या हिरीला पाणी कधी लागंल?" अहो, बाई मरायला टेकलीय आणि याला विहिरीची पडलीय!

तेवढ्यात वैजयंता गर्दी फोडून आत शिरली. सासूचा हात हातात घेतला आणि किंचाळली, "बंद करा ती हलगी! अंगात न्हाई आलं! हात बघा, बर्फ झालाय!"

हलगी थांबली. वैजयंता आक्काच्या कानाशी वाकली. "आत्या, खरं सांगा. परसाकडला काळं जातंय का?"

आक्का डोळे मिटूनच पुटपुटली, "अगं... माणसं हाईत..."

"असू द्या माणसं! माझा बाप असाच गेला. डांबरासारखं काळं जायाचं, आणि लाजंपायी बोलला न्हाई. आम्हाला कळलं तवा उशीर झालता. सांगा आत्या, जातंय का?"

आक्कानं मान हलवली. होय.

वैजयंता उठून उभी राहिली. "पोटात रक्त जातंय. दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ता!"

दिगू पळाला. नारळ घेऊन आलेली पिकअप पायथ्याशी उभी होती. ड्रायव्हर भला माणूस, म्हणाला, "नारळ उतरवत बसत न्हाई, आणा आक्काला!" सगळं झालं. पण आक्का? तिनं घटाशेजारच्या खांबाला हात घातला. अंगात त्राण नाही, पण खांब सोडेना!

"न्हाई. मी बोल केलाय. घट उठल्याबिगर मी उठले, तर माझ्या दिगूला काय झालं म्हंजे?"

कळली का मंडळी गाठ? ही हट्टी नाही हो, ही घाबरलीय! स्वतःच्या मरणाला नाही. उपकार परत घेतला जाईल याला घाबरलीय! दिगू पाया पडतोय, "आई, मला काय होत न्हाई, तू चल." वैजयंता रडतेय. आणि आक्का म्हणतेय, "आईला इचारा. तिनं फूल दिलं तर जाते."

म्हणजे कौल! मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओलं फूल चिकटवायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. बापू गुरवांनी फुलं लावली. हात जोडले. सगळं देऊळ श्वास धरून उभं. उजवं पडेना. डावंही पडेना! पाणी लावून चिकटवलेली फुलं, खडकासारखी बसलीत! आक्काचा श्वास लहान होत चाललाय. वैजयंता मूर्तीकडं बघतेय, सासूकडं बघतेय. पिकअपचं इंजिन खाली सुरू आहे. आणि फूल जागचं हलत नाही!

बापू गुरव बघत होते. कधी फुलाकडं, कधी आक्काकडं. आयुष्य त्या गाभाऱ्यात गेलेलं. आणि मंडळी, त्या म्हाताऱ्यानं काय केलं असेल? गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून आत गेला, मूर्तीला हात जोडले, दोन्ही हातांनी चांदीचा मुखवटा उतरवला, नव्या खणात गुंडाळला, छातीशी धरला आणि बाहेर आला!

देवळात एकच गलका! पंच हणमंतराव पुढं झाले. देवस्थानाचे पंच, मोठा आवाज. "बापू! हे काय करताय? वाडवडलांपासून रीत हाय, दसऱ्याच्या आधी आई देवळाबाहेर पडत न्हाई!"

बापू म्हणाले, "आई निघाली."

"कुठं?"

"दवाखान्यात."

"अन् कौल? फूल पडलं न्हाई अजून!"

तेव्हा तो म्हातारा काय बोलला, ऐका! म्हणाला, "फूल पडायला आई जागंवर पायजे ना, हणमंतराव? ती तर केव्हाच लेकीसंगं निघालीया. आपणच रिकाम्या दगडाला इचारत बसलोय!"

वा! तबलजी, या वाक्याला एक तुकडा वाजलाच पाहिजे! वाजवा!

*बोलाविता धावे, न बोलाविता धावे*
*लेकराच्या पाठी माय जशी*
*राउळी तियेला शोधशील किती?*
*दुःखाच्या दारात उभी तशी*

बापू आक्कापाशी बसले. "सरू, डोळे उघड. हे बघ, आई माझ्या हातात हाय. ती चाललीया. आता ती गेल्यावर तू इथं कुणाच्या घटी बसणार?"

आक्कानं डोळे उघडले. खणातून चांदीचं नाक चमकलं. खांबाला धरलेला हात... सुटला!

दिगूनं आईला उचललं. पायऱ्या उतरून पिकअपमध्ये घोंगडी टाकली, आक्काला निजवलं, वैजयंतानं डोकं मांडीवर घेतलं. बापू मुखवटा घेऊन शेजारी बसले. आणि मंडळी, गाडी निघणार एवढ्यात मागून हाक आली, "थांबा!" हणमंतराव! आता हे आडवे पडतात की काय? नाही! हणमंतराव धापा टाकत आले, हातात देवीची मोठी अब्दागिरी. म्हणाले, "बापू, आई काय उन्हातनं जाणार व्हय? सरका तिकडं!" आणि मागं चढून अब्दागिरी धरून बसले! एक हात अब्दागिरीला, एक हात आक्काच्या पायावर.

अशी निघाली खडकाई दवाखान्यात! चहूकडं नारळ, मध्ये आक्का, वर अब्दागिरी!

तालुक्याला पोटाच्या डॉक्टर मुजावर बाईंचा दवाखाना. बाई बाहेर आल्या तर समोर ही वरात! विचारतात, "पेशंट कोण?" हणमंतराव गडबडीत म्हणाले, "दोघीजणी!" मुजावर बाईंनी मुखवट्याकडं बघितलं, हात जोडले, शेजारच्या टेबलावर स्वच्छ चादर पसरली. "आईंना इथं बसवा. आणि यांना आत घ्या, लगेच!"

आक्काला आत घेता घेता प्रश्न सुरू झाले. "काय खाल्लं होतं?"

"काय न्हाई. उपास," वैजयंता म्हणाली.

"औषधं, गोळ्या?"

"गुडघ्याच्या गोळ्या घेत हुत्या."

"कशाबरोबर घेत होत्या?"

"कोऱ्या चहाबरोबर. गोळी उपासाला चालती ना?"

मुजावर बाईंनी आक्काची नाडी धरली. मग एवढंच म्हणाल्या, "पोटाला नाही चालत, ताई."

सलाईन लागलं. रक्त लागलं. रक्तपेढीतून पिशवी आली. कुणाचं रक्त होतं ते? कुणा अनोळखी माणसाचं! त्याचं नाव आक्काला माहीत नाही, त्याला आक्काचं माहीत नाही. कुण्या गावचा, कुण्या धर्माचा, पण त्याच्या अंगातलं या बाईच्या अंगात शिरलं आणि राखेसारख्या गालावर रंग आला! मग घशातून नळी घातली, नळीच्या टोकाला दुर्बीण. पोटात जखम, जखमेतून रक्त झिरपतंय. आतल्या आतच तिला चिमटा लावला. चाकू नाही, टाके नाहीत, रक्त थांबलं! हे बघणाऱ्या डोळ्यांना, हे करणाऱ्या हातांना बुद्धी कुणी दिली? देवानंच ना? मग आपण देवाचे हात देवळातच का शोधतो?

आरतीची वेळ झाली. बापूंनी बाईंना विचारलं, "आरती करू का?" बाई म्हणाल्या, "करा की. पण घंटा नको, आणि ज्योतही नको, आत ऑक्सिजन आहे." मग मागोमाग येऊन पोचलेली बोरखेलची माणसं दवाखान्याच्या ओसरीत उभी राहिली, बोटांवर बोटं आपटत, ओठांतल्या ओठांत आरती म्हणाली. शेजारच्या खाटेवरचा पेशंटही टाळी धरायला लागला!

दुसऱ्या दिवशी आक्का शुद्धीवर. समोर टेबलावर खडकाई.

"आई... तू बी आलीस व्हय?" आणि ढसाढसा रडायला लागली. "बापू, माझा बोल मोडला. मी उठले."

बापू खुर्चीवर बसले. "सरू, तू काय बोलली हुतीस, आठव. 'जीव हाय तवर घटी बसंन.' मग जीवच घालवलास तर बोल कुणी पाळायचा? जीव राखणं बोलातच आलं की! आईनं दिगूचा जीव दिला, तो बघायला तुझे डोळे नकोत व्हय तिला?"

आक्कानं डोळे पुसले. मग मुजावर बाईंना म्हणाली, "बाई, झालं काय हुतं मला?"

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "आक्का, पितळेच्या पातेल्याला कल्हई असते ना? कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं तर?"

"कळकतं की!"

"तसंच. आपल्या पोटात आंबट रस असतो, कडक. अन्न पचवायला देवानं दिलेला. तो पोटालाच खाऊ नये म्हणून आतून मऊ अस्तर आहे, कल्हईसारखं. या दुखण्याच्या गोळ्या ती कल्हई उडवतात. त्यात पोट रिकामं. रसाला खायला अन्न नाही, मग तो भिंतच खायला लागला. रक्त आलं. पोटात रक्त जिरलं की शौचाला काळं होतं. ते चहाचं काळं नव्हतं, आक्का, तुमचं रक्त होतं."

आक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "आणि मी सोडा पीत बसले!"

"सोड्यानं जळजळ दबते, जखम नाही बरी होत. तुमच्या पोटात एक जंतूही सापडलाय, जखम करणारा. त्याचा औषधाचा कोर्स देते, मध्येच सोडायचा नाही. गुडघ्याचं औषध मी बदलून देईन. पण मला विचारल्याशिवाय दुकानातून आणायचं नाही. आणि कोणतीही गोळी, कधी आणि कशाबरोबर, ते विचारून घ्यायची."

तेवढ्यात हणमंतराव हळूच म्हणाले, "बाई, मला जरा... म्हंजे... सकाळी तासभर बसलं तरी..." सगळे त्यांच्याकडं बघायला लागले! देवस्थानाचे पंच, एवढा मोठा आवाज, आणि चेहरा कुंकवासारखा लाल! बाई म्हणाल्या, "लाजू नका, आत या." पाणी कमी, भाजी नावाला, दिवसभर पारावर बैठक, दुसरं काय होणार? पण बघा, आक्काची लाज गेली तशी साऱ्या गावाची लाज जायला लागली. ड्रायव्हर विचारतोय, "तिखट खाल्लं की छातीत जळतंय." आईच्या मागोमाग देवळाबाहेर पडलेली शेवंता विचारतेय, "नातवाला जुलाब झाल्यावर पाणी बंद करायचं ना?" बाई म्हणाल्या, "अहो, उलट! मीठसाखरेचं पाणी थोडं थोडं देत राहायचं. पाणी बंद केलं तर पोर सुकेल!"

दसऱ्याला आक्का घरी आली. आली नाही, आणली! पिकअप होती, अब्दागिरी होती, खडकाई पुढं. हलगीवाला वेशीवर उभा.

आणि पुढच्या वर्षी? घट बसला. सगळ्यांना वाटलं, आक्का आता येत नाही. आली! घोंगडी अंथरली. बायका म्हणाल्या, "आक्का, तू? आता?" आक्का म्हणाली, "बोल हाय माझा. जीव हाय तवर." बापू गाभाऱ्यातून बाहेर आले. देवीला दाखवलेला नैवेद्य ताटात होता. मऊ भात, वरण, लोणकढं तूप, ताक. दरवर्षी तो नैवेद्य गुरवाच्या घरी जायचा. त्या दिवशी बापूंनी ते ताट आक्कापुढं ठेवलं.

"आई जेवली. आता तू."

बायका बघायला लागल्या. घटी बसलेली बाई, भात खाणार? आक्कानं देवीकडं बघितलं. भाताचा घास केला. तोंडात घातला, चावला, गिळला. आणि तिच्या डोळ्यांतून धारा! म्हणाली, "आई, तुझा उपकार फेडायला मी उपाशी ऱ्हात हुते गं. तू मला जेवायला बसवलंस!"

आणि मंडळी, एकेक करत बाकीच्या बायकाही ताटाशी आल्या.

सांगा आता, मघाशी माना हलवणारे कुठं आहेत? उपकार फेडायचा कशानं? देवाचा उपकार फिटत नाही हो! फिटायचा नसतोच तो! तो फक्त जपायचा असतो. पोट दिलं, पोट जप. घास दिला, घास गोड मानून घे. उपास करा, मी नाही म्हणत नाही. पण आजारी आहात, गोळ्या सुरू आहेत, साखर आहे, तर डॉक्टरला विचारून करा. पोट काही सांगायला लागलं तर ऐका. काळं जातंय, रक्त जातंय, वजन उतरतंय, घास अडकतोय, तर सोडा ढवळत बसू नका. आणि कुणी म्हातारं माणूस लाजत असेल तर वैजयंता व्हा, कानाशी वाका आणि विचारा!

आता आरती व्हायची आहे. पण... थांबा. थांबा, आरतीचं ताट खाली ठेवा! त्या पहिल्या ओळीतल्या आजी. होय, तुम्हीच, निळ्या लुगड्यातल्या. आख्यान सुरू असताना तुम्ही कनवटीची पुडी काढून गोळी तोंडात टाकलीत, पाणीसुद्धा न पिता. सकाळपासून काही खाल्लंय का? नाही? मान खाली घालू नका, आजी, रागावत नाही. अहो, कुणीतरी पानावर गरम भात वाढा. तूप घाला. आरती कुठं पळून जात नाही, देव थांबेल.

आजी, आधी तुम्ही जेवा. आम्ही सगळे उभे आहोत.